दिंडीचा ट्रक आत्ता कुठंय? स्वतःच्या नकाशावर लाइव्ह लोकेशनचे आयकॉन कसे दाखवायचे

वारीत चालणाऱ्या माणसाला संध्याकाळी एकच प्रश्न असतो, आपला ट्रक कुठं लागलाय. राहुट्या, पिशव्या, अंथरुणं, स्वयंपाकाची भांडी सगळं ट्रकमध्ये, ट्रक सकाळीच पुढं गेलेला, आपण दिवसभर दिंडीबरोबर चालून सहा-सातला मुक्कामाच्या गावात पोचतो आणि तिथं लाखो माणसं, शेकडो ट्रक, दिसेल त्या शेतात पालं पडलेली, आणि फोन लावावा तर लागत नाही कारण त्या गावातल्या टॉवरवर सगळी वारी एकदम फोन लावत असते. पाय सुजलेले असताना आणखी दोन किलोमीटर हिंडून ट्रक शोधणं काय असतं ते चाललेल्यालाच कळतं.

आमच्या दिंडीसाठी मी एक छोटा नकाशा बनवलाय, त्यावर दोन ट्रक, एक पाण्याचा टँकर आणि एक जीप अशा चार गाड्यांचे आयकॉन लाइव्ह हलतात. बरेच जण विचारतात कसं केलं म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहितो. दिंडी नसली तरी चालेल, गावातले पाण्याचे टँकर असोत, शाळेची बस असो, गणपती विसर्जनाची मिरवणूक असो, काम तेच आहे. थोडं जावास्क्रिप्ट आणि सर्व्हरवर छोटा प्रोग्राम चालवता येत असेल तर दोन-तीन शनिवार-रविवारात होईल.

आधी सांगतो, व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन का पुरत नाही. ते जास्तीत जास्त आठ तास चालतं, मग परत चालू करावं लागतं आणि गाडी चालवणाऱ्या माणसाला ते रोज दोनदा आठवेल अशी अपेक्षाच चुकीची आहे. शिवाय ग्रुपमधे शंभर राम कृष्ण हरी आणि फोटो आले की ते वर कुठं तरी गेलेलं असतं. दुसरा तयार पर्याय म्हणजे ट्रॅकार, हा फुकट, ओपन सोर्स ट्रॅकिंग सर्व्हर आहे, गाडीत वायरिंग करून बसवतात त्या जीपीएस डब्यांच्या दोनशेहून जास्त भाषा त्याला कळतात, मोबाइलचं ॲपही आहे. तुम्हाला नुसत्या गाड्या बघायच्या असतील तर तेच बसवा, खरंच सांगतो, स्वतः लिहायच्या भानगडीत पडू नका. मला स्वतःचा नकाशा लागला कारण त्यावर मुक्कामाची शेतं, विसाव्याच्या जागा, दवाखान्याचे तंबू हे आमचं आम्हाला दाखवायचं होतं, आणि सत्तरीतल्या मावशीला लॉगिन न करता नुसत्या लिंकवर उघडेल असं पाहिजे होतं.

आता एक गोष्ट जी मला पहिल्या वर्षी कळली नव्हती. नकाशावर हिरवागार ट्रक दिसत होता, माळरानावर, आमची चार वयस्कर माणसं ते बघून तिकडं गेली आणि तिथं काहीच नव्हतं. ते लोकेशन दोन तासांपूर्वीचं होतं, ट्रकमधल्या फोनची रेंज गेलेली, ट्रक पुढं निघून गेलेला, आयकॉन मात्र आत्ताचा असल्यासारखा तिथं उभा. आयकॉन नसता तर त्यांनी कुणाला तरी विचारलं असतं. तेव्हापासून माझ्यासाठी आयकॉन कुठं आहे याच्या इतकंच तो कधीचा आहे हे महत्त्वाचं, आणि खाली जे लिहिलंय त्यातलं निम्मं याच एका गोष्टीपायी आहे.

गाडीतला फोन

गाडीत एक जुना अँड्रॉइड फोन ठेवा, ड्रायव्हरचा स्वतःचा नको. ड्रायव्हर फोन घेऊन चहाला जातो, आंघोळीला जातो, त्याच्या घरच्यांचे फोन त्यावर येतात, आणि वारी संपल्यावर तो कुठं फिरतो ते आपल्याला कळायचं काही कारण नाही. जुना फोन, कुठलंही डेटा असलेलं सिम, गाडीच्या चार्जरला कायमचा जोडलेला, डॅशबोर्डवर काचेजवळ पण थेट उन्हात नाही, कारण तापला की चार्जिंग थांबतं.

त्यावर ओनट्रॅक्स नावाचं ॲप टाका, ओपन सोर्स आहे, जाहिराती नाहीत आणि लोकेशन कुठल्या कंपनीकडं न जाता थेट तुमच्या सर्व्हरवर जातं. त्यात निरोप पाठवायचे एमक्यूटीटी आणि एचटीटीपी असे दोन प्रकार आहेत. एमक्यूटीटीसाठी मॉस्किटोसारखा ब्रोकर, म्हणजे निरोप घेऊन पुढं पोचवणारा प्रोग्राम, चालवावा लागतो, मजा आहे त्यात, पण चार गाड्यांसाठी मी म्हणेन एचटीटीपी घ्या, एक पत्ता टाकला, यूजरनेम पासवर्ड टाकला की झालं. प्रत्येक गाडीला वेगळं यूजरनेम द्या, ट्रक१, ट्रक२, टँकर असं, म्हणजे सर्व्हरला कुठली गाडी ते त्यावरूनच कळतं.

मग मोड. सिग्निफिकंट मोडमधे फोन बॅटरी वाचवत वाचवत लोकेशन देतो, मूव्ह मोडमधे सारखं देतो. फोन चार्जरला आहे म्हणून मूव्ह ठेवा. आणि दोन सेटिंग्ज कुणी विसरू नका, नव्वद टक्के तक्रारी तिथूनच येतात असं माझं मत झालंय. एक, लोकेशनची परवानगी नेहमी चालू अशी द्यायची, फक्त ॲप वापरताना अशी नाही, अँड्रॉइड १० पासून हे वेगवेगळं आहे. दोन, या ॲपपुरतं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करायचं, नाहीतर स्क्रीन बंद झाल्यावर थोड्या वेळानं फोन ॲपला झोपवतो. काही कंपन्यांच्या फोनमधे ऑटोस्टार्ट म्हणून अजून एक सेटिंग असतं, तेही चालू करा. झालं की फोन बंद करून परत चालू करून बघा, ॲप आपोआप उठतं का ते.

बरेच जण विचारतात की ॲप कशाला, ब्राउझरमधेच लोकेशन मिळतं की. मिळतं, पण स्क्रीन लॉक झाली की वेबपेजला लोकेशन मिळणं थांबतं, त्यामुळं पाठवणाऱ्या बाजूला ॲपच पाहिजे.

सर्व्हरवर काय करायचं

ॲप प्रत्येक वेळी एक छोटा जेसन पाठवतं, म्हणजे नावं आणि त्यांच्यापुढं आकडे असा मजकूर. त्यात अक्षांश, रेखांश, अचूकता मीटरमधे, बॅटरी टक्के, वेग ताशी किलोमीटरमधे, दिशा अंशांमधे आणि वेळ असते. निरोपाचा टाइप लोकेशन आहे का ते आधी तपासा कारण ॲप इतरही निरोप पाठवतं, आणि उत्तरात रिकामा ॲरे परत द्या, ॲपला तेवढंच हवं असतं. सर्व्हर कशातही लिहा, नोड, पायथन, पीएचपी, काही फरक पडत नाही. एका टेबलात प्रत्येक गाडीची शेवटची जागा ठेवा, पुरे.

वेळेकडं मात्र नीट लक्ष द्या. ॲप पाठवतं ती वेळ १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद असते, जावास्क्रिप्ट मोजतं मिलिसेकंद, म्हणून हजारनं गुणायचं विसरलं की नकाशावर गाडी १९७० च्या जानेवारीत दिसते. आणि साठवताना यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळच ठेवा, साडेपाच तास मिळवायचे ते फक्त माणसाला दाखवताना, नाहीतर कुठं तरी दोनदा मिळवले जातात आणि मग शोधत बसावं लागतं. फोननं सांगितलेली वेळ आणि सर्व्हरला निरोप पोचला ती वेळ, दोन्ही ठेवा. दोन्हींतला फरक वाढत असेल तर समजायचं गाडी रेंज नसलेल्या भागातून चाललीये.

आता सगळ्यात चकवणारी गोष्ट. रेंज गेली की ओनट्रॅक्स निरोप टाकून देत नाही, साठवून ठेवतं आणि रेंज आली की रांगेनं सगळे पाठवतं. चांगलंच आहे ते, पण तुम्ही आलेला प्रत्येक निरोप म्हणजे आत्ताची जागा असं धरलं तर काय होतं, दिवेघाटाच्या गर्दीत तासभर रेंज नसलेला ट्रक सासवडला पोचतो आणि नकाशावर अचानक घाटाच्या पायथ्याला उडी मारून परत सगळा घाट भरभर चढताना दिसतो. म्हणून नियम एकच, फोनची वेळ आपल्याकडच्या शेवटच्या वेळेपेक्षा नवी असेल तरच शेवटची जागा बदलायची, आणि नवी असली तरी तिचं वय फोनच्या वेळेवरूनच मोजायचं, निरोप आला त्या वेळेवरून नाही. फोनची वेळ भविष्यातली आली तर तेवढ्यापुरती सर्व्हरची वेळ धरा.

थोडी गाळणीही लावा. अचूकता शंभर मीटरपेक्षा वाईट असेल तर मी ती जागा घेत नाही, कारण जीपीएस मिळालं नाही की फोन टॉवरवरून अंदाज करतो आणि तो अंदाज पार एक-दोन किलोमीटरही चुकतो. आधीच्या जागेपासून अंतर भागिले वेळ करून ताशी सव्वाशे किलोमीटर यायला लागलं तर तेही सोडून द्या, भरलेला ट्रक तेवढा पळत नाही. आणि उभ्या गाडीचा आयकॉन जागच्या जागी थरथरतो, त्यासाठी वीस मीटरपेक्षा कमी हालचाल असेल तर जागा बदलू नका, फक्त वेळ बदला. हे फक्त वेळ बदला फार महत्त्वाचं आहे, कारण गाडी उभी आहे आणि गाडीची खबर नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, उभ्या गाडीचा फोनही हजेरी लावत असतो आणि ती हजेरी धरलीच पाहिजे.

नकाशा आणि आयकॉन

नकाशासाठी लीफलेट, ही वेबपेजवर नकाशा दाखवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी आहे. २०११ पासून आहे, हलकं आहे, जुन्या फोनवरही चालतं. खाली टाइल्स, म्हणजे नकाशाच्या चित्राचे चौकोनी तुकडे, ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशाच्या, त्यांचं श्रेय नकाशाच्या कोपऱ्यात ठेवायचंच, तो त्यांचा नियम आहे आणि त्यांच्या सर्व्हरवरून टाइल्सचे गठ्ठे आधीच डाउनलोड करून ठेवायलाही मनाई आहे. फुकट सेवा आहे, लोकांनी हातानं रस्ते काढलेत, एवढं पाळूया. लिंक हजारो लोकांना देणार असाल तर दुसऱ्या कुणाकडून विकत टाइल्स घ्या किंवा ओपनस्ट्रीटमॅपच्या डेटातून फक्त आपल्या पट्ट्याची पीएमटाइल्स फाइल (सगळ्या टाइल्स एकाच फाइलमधे) बनवून आपल्याच सर्व्हरवर ठेवा.

अक्षांश आधी की रेखांश आधी हा घोळ प्रत्येकाचा एकदा होतोच. लीफलेटला अक्षांश आधी लागतो, जिओजेसनमधे, म्हणजे जागा लिहायच्या जेसनमधे, रेखांश आधी असतो. आळंदी साधारण १८.६८ आणि ७३.९० ला आहे, हे उलटं पडलं की आयकॉन थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात, बेअर आयलंडच्या आसपास जातो. नकाशा कोरा निळा दिसला आणि आयकॉन सापडत नसेल तर झूम आउट करून आधी तिकडं बघा. दुसरी जागा म्हणजे आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीचं आखात, तिथं आयकॉन असेल तर दोन्ही आकडे शून्य आलेत.

आयकॉन हलवायचा कसा तर प्रत्येक गाडीचा मार्कर, म्हणजे नकाशावरची खूण, एकदाच बनवायचा आणि गाडीच्या नावानं एका ऑब्जेक्टमधे ठेवून द्यायचा. नवी जागा आली की त्या नावाचा मार्कर आहे का बघायचं, असेल तर लीफलेटच्या सेटलॅटलाँग फंक्शननं हलवायचा, नसेल तरच नवा. नवीन माणूस दर वेळी नवा मार्कर टाकतो, मग दुपारपर्यंत रस्त्यावर ट्रकांची माळ लागते आणि फोन गरम होऊन पेज अडकतं.

चित्र लावताना आकार आणि अँकर दोन्ही द्या. अँकर म्हणजे चित्रातला कुठला ठिपका जमिनीवर टेकतो ते. पिनसारखं चित्र ३२ बाय ४० असेल तर अँकर १६, ४०, म्हणजे खालचं टोक. हे दिलं नाही तर लीफलेट चित्राचा मध्य टेकवतं आणि झूम करताना ट्रक रस्त्याच्या या बाजूहून त्या बाजूला सरकल्यासारखा वाटतो, आणि मुक्कामावर रस्त्याची कुठली बाजू हे कळणंच तर हवं असतं.

मी साधं चित्र न वापरता डिव्हआयकॉन, म्हणजे एचटीएमएलचा डबाच आयकॉन म्हणून वापरतो, कारण आयकॉनच्या खालीच नाव आणि वेळ लिहिता येते. त्याला आपलं क्लासनेम द्या, नाहीतर लीफलेटचा पांढरा चौकोन मागं दिसत राहतो. आणि दिशा दाखवायला आयकॉन फिरवायचा असेल तर बाहेरच्या डब्याला सीएसएसचं रोटेट लावू नका, लीफलेट त्याच डब्याच्या ट्रान्सफॉर्ममधे जागा लिहून ठेवतं, तुम्ही तिथं हात घातलात की आयकॉन पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. आत अजून एक डिव्ह टाका आणि तो फिरवा. खरं तर ट्रकचं चित्र फिरवूच नका, पश्चिमेकडं चाललेला ट्रक चाकं वर करून दिसतो, ट्रक सरळ राहू द्या आणि बाजूला छोटा बाण फिरवा. तोही वेग ताशी पाच किलोमीटरच्या वर असेल तरच, उभ्या गाडीला जीपीएस कुठलीही दिशा सांगतं.

आयकॉन सरकत जावा म्हणून ट्रान्सफॉर्मला ट्रान्झिशन लावण्याची हौस मीही केली, पण झूम केलं की सगळे आयकॉन नकाशावरून पोहत जातात. झूम सुरू होताना ट्रान्झिशनचा क्लास काढायचा आणि संपल्यावर लावायचा. नाही लावलं तरी काही बिघडत नाही, मी शेवटी काढूनच टाकलं.

वय दाखवणं

आता मुख्य काम. माझ्याकडं असं आहे, दोन मिनिटांच्या आतली खबर असेल तर हिरवा, दहा मिनिटांपर्यंत केशरी, त्याच्यापुढं करडा आणि अर्धवट पुसट. पण नुसत्या रंगावर भरवसा नाही, भर उन्हात साध्या फोनवर हिरवा आणि करडा सारखेच दिसतात आणि मोतीबिंदू असलेल्या माणसाला काय दिसणार. म्हणून आयकॉनखाली शब्दांत लिहितो, आत्ता, ७ मिनिटांपूर्वी, आणि तासाच्या वर गेलं की मिनिटं न मोजता थेट सकाळी ११:४० ची खबर असं. लोकांना १३० मिनिटांपूर्वी यातून काही कळत नाही, सकाळी ११:४० म्हटलं की लगेच कळतं की तेव्हा तर आपण विसाव्याला होतो.

हा मजकूर बदलायला ब्राउझरमधे वेगळा टायमर पाहिजे, दर पंधरा-वीस सेकंदांनी सगळ्या मार्करांचं वय परत मोजणारा. बरेच जण नवी खबर आली की वय लिहितात आणि तिथंच चुकतं, कारण खबर यायची थांबली हीच तर आपल्याला दाखवायची गोष्ट आहे आणि ती थांबल्यावर मजकूर बदलणारं कुणी उरतच नाही, आयकॉन आत्ता म्हणतच राहतो. आमच्या पहिल्या वर्षी नेमकं हेच झालं होतं.

बघणाऱ्याच्या फोनचं घड्याळ बरोबर असेलच असं नाही, त्यामुळं सर्व्हरनं प्रत्येक उत्तरात स्वतःची आत्ताची वेळही पाठवायची आणि वय त्याच्याशी मोजायचं.

आणि अजून एक. गाडीच्या फोनला रेंज नाही हे एक, आणि बघणाऱ्याच्या फोनला नेट नाही हे वेगळं. दुसऱ्यात गाडी बिचारी व्यवस्थित खबर देत असते, आपल्यालाच मिळत नसते. म्हणून पेजला सर्व्हरकडून उत्तर आलं नाही की वर ठळक पट्टी दाखवा, तुमच्या फोनला नेट नाही, हे चित्र ५:१० चं आहे. आणि माणूस फोन खिशात टाकतो, अर्ध्या तासानं काढून उघडतो तेव्हा जुनंच पेज समोर येतं, ब्राउझरनं टायमर झोपवलेले असतात. पेज परत दिसायला लागलं याचा इव्हेंट मिळतो, व्हिजिबिलिटीचेंज, तो आला की आधी वय परत मोजा आणि मग नवी खबर मागा, याच क्रमानं.

खबर मागायची कशी याबद्दल लोक खूप भांडतात, वेबसॉकेट (दोन्ही बाजूंनी बोलता येणारं उघडं कनेक्शन), सर्व्हर सेंट इव्हेंट्स (सर्व्हरच खबर पाठवत राहतो), का नुसतं पोलिंग (पेजनं ठरावीक वेळानं विचारत राहायचं). वेबसॉकेट इथं नको, आपल्याला एकाच बाजूनं पाठवायचंय. सर्व्हर सेंट इव्हेंट्स छान आहेत, कनेक्शन तुटलं तर ब्राउझर आपोआप परत जोडतो, फक्त तुमच्या प्रोग्रामच्या पुढं एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याचं बफरिंग (उत्तर साठवून मग पाठवणं) बंद करा आणि दर पंधरा-वीस सेकंदांनी एक रिकामी कॉमेंट ओळ पाठवत राहा, नाहीतर साठ सेकंद शांतता झाली की तो कनेक्शन तोडतो. आणि परत जोडलं गेलं की सगळ्या गाड्यांची शेवटची जागा पूर्ण मागून घ्या, मधे काय सुटलं ते शोधत बसू नका. पण वारीच्या गर्दीत नेट इतकं तुटक असतं की मी शेवटी साध्या पोलिंगवर आलो, दर वीस सेकंदांनी एक छोटी विनंती, चार गाड्यांचं उत्तर एक किलोबाइटच्या आत मावतं. एखादी विनंती हरवली तर पुढची जाते.

मुक्कामाचं बटण

यंत्रावर सगळं सोडू नका असं मला मनापासून वाटतं. ट्रक शेतात लागला, राहुट्या ठोकल्या की ट्रकवरचा माणूस एका साध्या पेजवर मुक्काम लागला हे बटण दाबतो. त्यानंतर ट्रकचा आयकॉन बदलून राहुटीचा होतो, जागा तिथंच पक्की होते, आणि खाली त्यानं लिहिलेली एक ओळ दिसते, शाळेच्या मागं, लिंबाच्या झाडाजवळ, भगवा झेंडा उंच लावलाय. नंतर ट्रकची रेंज गेली, फोन बंद पडला, तरी काही बिघडत नाही, कारण राहुटी चालत जात नाही. सकाळी ट्रक निघाला आणि दोनशे मीटर पुढं गेला की सर्व्हर स्वतःच मुक्काम काढून टाकतो. आम्ही जितकं काही बनवलं त्यात लोकांना सगळ्यात जास्त उपयोग या बटणाचा झाला.

ज्यांना नकाशा वाचता येत नाही त्यांच्यासाठी खाली साधी यादी द्या. मार्गावरच्या गावांचे अक्षांश रेखांश एका फाइलमधे ठेवा, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, आणि गाडीला सगळ्यात जवळचं गाव कुठलं ते काढून लिहा, टँकर, वाखरीजवळ, ४ मिनिटांपूर्वी. टाइल्स नाही आल्या तरी ही यादी येते. गावांची फाइल आणि पालखी मार्गाची रेघ सर्व्हिस वर्कर, म्हणजे नेट नसतानाही पेजला फाइली देणारी ब्राउझरमधली स्क्रिप्ट, वापरून साठवून ठेवा म्हणजे मागचा नकाशा कोरा राहिला तरी रेघ, गावं आणि आयकॉन दिसतात, वाट कळायला तेवढं पुष्कळ होतं. आणि गावाकडं घरी बसलेल्या एकाला लिंक देऊन ठेवा, त्याच्याकडं नेट चांगलं असतं, इकडून कसाबसा एखादा फोन लागला की तो बघून सांगतो, माउली ट्रक ओढ्याच्या पलीकडं आहे, अलीकडं शोधू नका.

मी इथं आहे हा ठिपका दाखवायचा असेल तर पेज एचटीटीपीएसवर पाहिजेच, त्याशिवाय ब्राउझर लोकेशन देत नाही. त्यासाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सर्टिफिकेट नव्वद दिवसांचं असतं, ते नेमकं आषाढात संपत नाही ना बघा. आणि हा ठिपका बघणाऱ्याच्या फोनमधेच राहू द्या, सर्व्हरवर पाठवू नका. आम्ही गाड्या दाखवतो, माणसं नाही. हरवू नये म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात ट्रॅकर घाला असं दर वर्षी कुणी तरी सुचवतं, भावना चांगली असते, पण माणूस दिवसभर कुठं थांबला, कुठं बसला हे शंभर जणांना दिसणं बरं नाही, त्यासाठी गळ्यात दिंडीचा नंबर आणि फोन नंबर लिहिलेलं कार्ड असतं ते चांगलं आहे. लिंकसुद्धा लांबलचक, सहज न सुचणारी ठेवा आणि दर वर्षी बदला.

निघायच्या आधी एक चाचणी कराच. फोन घेऊन मोटरसायकलवर किंवा एसटीनं तासभर फिरा, मधेच मोबाइल डेटा बंद करा, वीस मिनिटांनी चालू करा, आणि घरी दुसऱ्या माणसाला पेज उघडून बसवा. आयकॉन वेळेवर करडा झाला का, मजकूर पुढं सरकत राहिला का, डेटा चालू झाल्यावर मधला रस्ता उड्या मारत न दाखवता आयकॉन थेट नव्या जागी आला का, एवढं त्यानं लिहून ठेवायचं. मग त्याच्या फोनचं नेट बंद करा आणि पट्टी दिसते का बघा. मग ट्रकमधला फोन फेकल्यासारखा सीटखाली ठेवून बघा, जीपीएस मिळतं का. हे सगळं आळंदीहून निघायच्या निदान आठवडाभर आधी, कारण एकदा चालायला लागलं की कोड दुरुस्त करायला ना वेळ असतो ना नेट.

आणि पौर्णिमेला गोपाळकाला झाला, ट्रक परतीला लागले की फोन बंद करून काढून घ्या आणि सर्व्हरवरच्या जागा पुसून टाका. मुक्कामाची शेतं आणि त्याखाली लिहिलेल्या त्या ओळी तेवढ्या मी ठेवतो, पुढच्या वर्षी ट्रकवाल्याला कुठल्या शेतात पाणी साचतं ते आधीच कळतं.